बाहुलीचं काम घेतलं तर नाटक सुटेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरची २६ वर्षांची मुलगी, कॉलेजपासून नाटकात. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालेलं. आता मुंबईत लहान मुलांच्या एका मालिकेत बाहुली चालवायचं आणि तिला आवाज द्यायचं काम चालून आलंय. निवड झाली, करार यायचाय. घरचे म्हणतात, ‘चेहराच दिसणार नसेल तर एवढी वर्षं नाटक कशाला केलंस?’ ग्रुपमधली मंडळी म्हणतात, ‘एकदा बाहुलीवाली म्हणून शिक्का बसला की नाटकात कोण घेणार?’ आणि तिचं स्वतःचं विचारणं असं की काम घेऊ का, आणि घेतलं तर सोलापूर आणि नाटक दोन्ही सुटेल का.

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते. मीही सोलापूरचीच. रंगमंचावर कामं केली, टीव्हीसाठी बाहुल्या चालवल्या, दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवलं. तेव्हा जे लिहिते ते करून पाहिलेलं आहे. पण काही गोष्टी इथे बसून मला ठरवता येणार नाहीत. तुझा खांदा कसा आहे, घरची आर्थिक बाजू कशी आहे, शूटिंग महिन्यातून सलग काही दिवस आहे की आठवडाभर पसरलेलं, हे तुलाच माहीत. त्यावर बरंच अवलंबून आहे.

तुझ्या प्रश्नात चेहऱ्याचा मुद्दा सगळ्यात वर आहे. माझ्या हिशोबात तो बराच खाली येतो. आधी बघायचं ते हे, की तुझं शरीर या कामाला तयार आहे का, आणि करारात नाटकासाठी मोकळीक आहे का. नाटक सुटतं ते तारखा हातातून गेल्यामुळे. चेहरा झाकल्यामुळे नाटक सुटलेलं मी तरी कुणाचं पाहिलं नाही.

तरी चेहऱ्याचंच आधी बोलू, कारण घरच्यांना उत्तर तुलाच द्यायचंय.

टीव्हीवरची तोंड उघडणारी बाहुली चालवताना नेमकं काय होतं ते सांगते. उजवा हात डोक्याच्या वर, पंजा बाहुलीच्या डोक्यात. चार बोटं म्हणजे वरचा जबडा, अंगठा म्हणजे खालचा. डाव्या हातात बाहुलीच्या हातांना लावलेल्या काड्या. आपण खाली, चाकाच्या बुटक्या स्टुलावर किंवा गुडघ्यांवर, आणि नजर जमिनीवर ठेवलेल्या मॉनिटरवर. माइक कपाळाच्या पट्टीला. या अवस्थेत वाक्य बोलायचं, त्याच क्षणी अंगठा खाली न्यायचा, आणि ती पोरगी खरोखर बोलतेय असं घरी बसलेल्या चार वर्षांच्या मुलाला वाटलं पाहिजे.

नवीन माणसाकडून दोन चुका हमखास होतात. एक, बोलताना चार बोटं वर उचलली जातात, त्यामुळे दर शब्दाला बाहुलीचं डोकं मागे उडतं. बोटं जागेवर ठेवून अंगठाच खाली यायला हवा. दुसरी म्हणजे तोंड उलटं चालतं. आवाज निघतो तेव्हा ते मिटतं, जणू बाहुली शब्द चावून खातेय. ‘आई, मला भूक लागली’ हे वाक्य घे. ‘आ’ला पूर्ण उघड, ‘ई’ला थोडं मिटत आण. ‘म’ला तोंड बंद असलंच पाहिजे, कारण आपले ओठही तिथे मिटतात, आणि ‘ला’ला लगेच उघडायचं. ‘भूक’ला एकदाच, अरुंद. ‘लागली’ला दोनदा, पण दुसरं लहान, वाक्य खाली उतरतंय म्हणून. मराठीत प, ब, म यांची एवढी गर्दी आहे की ओठ मिटणं चुकलं तर कच्चेपण लगेच दिसतं.

नजरेचं त्याहून अवघड. हात वर ताणला की मनगट आपोआप मागे जातं आणि बाहुली छताकडे बघते. तिचे डोळे कॅमेऱ्याच्या भिंगाकडे किंवा समोरच्या पात्राकडे ठेवायचे तर मनगट सतत पुढे, खाली मोडून धरावं लागतं. हात दमला की बाहुली हळूहळू चौकटीत बुडायला लागते. आपल्याला ते कळत नाही, दिग्दर्शकाला कळतं.

आणि अभिनय कुठे येतो? एक प्रसंग सांगते. दृश्य असं होतं की बाहुलीतल्या मुलीला कळतं, आजी गावाहून येणार नाही. तिला वाक्यच नव्हतं. मी काय केलं, तर बातमी येताना तिचं तोंड अर्धवट उघडं होतं, ते फार सावकाश मिटू दिलं. मग हालचाल पूर्ण थांबवली. मग डोकं एवढंच, बोटभर, खाली. मग नजर दाराकडे, तिथे थोडी राहिली, आणि मग समोरच्या माणसाकडे वळली. बस. बाहुलीच्या चेहऱ्यावर एकच भाव शिवलेला असतो. तो कलला की उदास दिसतो, वर झाला की आशेचा दिसतो, आणि मधलं सगळं थांबण्यातून येतं. हे थांबणं, समोरच्याचं ऐकणं, मला कुठल्या बाहुल्यांच्या वर्गात मिळालं नाही. ते नाटकाच्या तालमीत मिळालं. हुतात्मा स्मृती मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला आपण आवाज शिकतो, पण दुसऱ्याचं वाक्य चालू असताना मंचावर जिवंत कसं राहायचं हेही तिथेच शिकतो. बाहुली हातात आल्यावर नटीचा चेहरा काढून घेतला जातो. बाकी सगळी नटी लागतेच, उलट जास्त लागते.

या वाटेने गेलेली सगळ्यात ठळक नटी म्हणजे अमेरिकेतल्या फ्रॅन ब्रिल. त्या रंगभूमीवरून आल्या. बाहुल्या चालवण्याचा अनुभव आधी नव्हता. ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांचा कार्यक्रम १९६९ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्या ‘मपेट’ बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांच्या चमूबरोबर काम करू लागल्या. स्त्री बाहुलीकार म्हणून तिथे पक्कं स्थान मिळवणाऱ्या त्या पहिल्या. त्याआधी बायकांची पात्रंही बहुतेक पुरुषच करायचे. पुढे गाजलेली मिस पिगी ही नखरेल डुकरीण बाहुली फ्रँक ऑझ या पुरुषाचीच. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात हे कुणाला समजावून सांगायला नको. ब्रिल यांनी प्रेअरी डॉन नावाची शहाणी, व्यवस्थित, सगळ्यांना नाटुकली बसवून दाखवायला लावणारी मुलगी केली. १९९३ मध्ये झोई ही नारिंगी रंगाची नाचरी पोर केली. २०१४ मध्ये त्या या कामातून निवृत्त झाल्या. आणि या सगळ्या काळात नाटकं चालू होती, चित्रपट चालू होते.

यातली वयाची गोष्ट तू नीट बघ. पासष्टी ओलांडेपर्यंत ही बाई तीन वर्षांची मुलगी करत होती, आणि कुणाला ते खटकलं नाही. रंगमंचावर आपलं काय होतं ते तुला पुढच्या दहा वर्षांत दिसेल. नायिका, मग वहिनी, मग आई, आणि मधे एक काळ असा येतो की कुठल्याच भूमिकेत बसवत नाहीत. त्या काळात माझ्या हातात काम होतं ते बाहुलीमुळे. चेहरा झाकण्याचा हा फायदा तुझ्या घरच्यांनी हिशोबात धरलेला नाही.

शिक्क्याबद्दल. मुलांसाठी काम केलं म्हणून आपल्याकडे कुणी मोठी नटी छोटी झाली का ते आठवून बघ. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ उभं केलं, ‘मधुमंजिरी’तली चेटकीण स्वतः केली. सुलभा देशपांडे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे करणाऱ्या, आणि त्यांनीच ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या ‘चंद्रशाळे’तून मुलांचं नाटक वाढवलं. मीना नाईक अभिनेत्री आहेत आणि बाहुलीकारही. लहान मुलांच्या लैंगिक शोषणासारखा विषय त्यांनी ‘वाटेवरती काचा गं’मधून मंचावर आणला. पुरुषांकडे बघायचं तर १९९३ च्या ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूची बाहुली रामदास पाध्यांची आणि तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांचा, हे महाराष्ट्रात पोरासोरांना माहीत आहे. त्यामुळे प्रभावळकरांना नंतर कुणी नाटकात घेतलं नाही असं झालं का?

सोलापुरात मात्र हा शिक्का बसू शकतो, हे मी नाकारत नाही. तो बसतो गैरहजेरीमुळे. दोन हंगाम तू तालमीला आली नाहीस की तुझ्या जागी दुसरी मुलगी येते, आणि ते बरोबरच आहे. त्यावर उपाय एकच, दरवर्षी एक तरी नाटक धरून ठेवायचं, मग भूमिका छोटी का असेना.

आता शरीर. इथे मी जरा जास्त लिहिणार, कारण याबद्दल कुणी आधी सांगत नाही.

हे काम खांदा, मान आणि मनगट खातं. अख्खा दिवस हात डोक्यावर आणि मान वाकडी. ‘सेसमी स्ट्रीट’मधल्या बिग बर्ड या उंच पिवळ्या पक्ष्याच्या आत कॅरोल स्पिनी हे गृहस्थ असत. उजवा हात वर ताणून पक्ष्याचं डोकं धरायचं आणि छातीला बांधलेल्या छोट्या पडद्यावर बघत चालायचं. १९६९ पासून त्यांनी हे केलं, पण शेवटच्या वर्षांत शरीर साथ देईना तेव्हा अंगमेहनतीचा भाग दुसऱ्याकडे देऊन ते फक्त आवाज देत राहिले. म्हणजे या कामात दीर्घ आयुष्य आहे, पण फुकट मिळत नाही. तुला आधीपासून खांदेदुखी असेल किंवा मुंग्या येत असतील, तर करारावर सही करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव. हे टाळू नकोस. एकदा खांदा आखडला की नाटकातही हात वर जात नाही.

तयारी आजपासून करता येते. रिकामा हात वर धरून मनगट पुढे मोडायचं आणि एखादं गाणं संपेपर्यंत तसंच ठेवायचं. दुखायला लागलं की खाली. रोज थोडं वाढवायचं, एका दिवसात शौर्य दाखवायचं नाही. दोन्ही हातांनी कर, नाहीतर अंग एका बाजूला ओढलं जातं. सेटवर प्रकाशयोजना चालू असताना हात वर ठेवू नकोस. त्या वेळी काठीवर बाहुली टांगून उभी करायला सांगायचं, आणि हे सांगायला लाजायचं नाही.

आवाजाचंही तसंच. निवडीच्या वेळी सगळ्यांचा कल खूप चिरका, बारीक आवाज काढण्याकडे असतो. पाच मिनिटं तो गोड वाटतो, दिवसभर काढला की घसा बसतो, आणि तोच आवाज पुढची काही वर्षं तुझ्या गळ्यात बांधलेला असतो. पात्राचा आवाज तुझ्या नेहमीच्या पट्टीपासून फार लांब नको. वेगळेपण लयीतून आण, शब्द ओढण्यातून आण. यात सोलापूरच्या मुलीला मोठा फायदा आहे. आपल्या कानावर लहानपणापासून मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि दख्खनी पडलेली असते. पूर्व भागातल्या पद्मशाली आज्जींचा मराठी बोलतानाचा हेल आणि अक्कलकोटकडून आलेल्या मावशींचा हेल यात केवढा फरक आहे! माझी कितीतरी पात्रं मी अशीच कानातून उचलली. कुणाची चेष्टा होणार नाही एवढं सांभाळायचं.

सरावाला महागडी बाहुली लागत नाही. सुरुवातीला बाहुलीही नको. दोन टेबल टेनिसचे चेंडू, त्यावर काळे ठिपके, मधल्या दोन बोटांवर बसव आणि फक्त नजरेचा सराव कर. मग तोंडाची बाहुली. आत जाड पुठ्ठ्याचा दुमडलेला जबडा, बाहेरून टॉवेलचं कापड. आपल्याकडचं टेरी टॉवेलचं कापड यासाठी फार चांगलं, जाड असतं, शिवण लपते आणि कॅमेऱ्यात चमकत नाही.

मग मॉनिटरची सवय. आरशापुढे सराव करू नकोस, हे मी आग्रहाने सांगते. आरशात आपण उजवीकडे सरकलो की प्रतिमाही उजवीकडेच सरकते. सेटवरच्या मॉनिटरवर उलट होतं, कॅमेऱ्याकडे तोंड करून तू उजवीकडे गेलीस की पडद्यावर बाहुली डावीकडे जाते. आरशाची सवय लागलेला हात तिथे गोंधळतो आणि बाहुली दुसऱ्या पात्राला धडकते. मोबाइलचा सेल्फी कॅमेराही समोर आरशासारखंच दाखवतो, म्हणून मागचा कॅमेरा वापर आणि चित्र घरच्या टीव्हीवर घे. पहिले काही दिवस डोकं गरगरेल. मग एके दिवशी हात आपोआप बरोबर बाजूला जायला लागतो.

एक सुचवते, जमलं तर कर. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले लोककलावंत कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, अजून करतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तंत्र पूर्ण वेगळं आहे, तिथे दोऱ्या वरून असतात. पण गाणं, बोलणं आणि हात एकाच माणसात कसे एकत्र चालतात हे बघण्यासारखं आहे.

आता करार. मी वकील नाही, सही करण्याआधी वकिलाला दाखवच. पण काय विचारायचं ते सांगते.

पहिली गोष्ट श्रेयनामावली. तुला वाटेल, शेवटी सरकत जाणारी नावं कोण वाचतं? पण आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, १९९४ पासून कलावंताला सादरीकरणाचे हक्क आहेत आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते वाढले. त्याच दुरुस्तीत असंही आहे की चित्रीकरणात ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयात येत नाही, त्याला जवळपास सगळ्या बाबतीत कलावंत धरलं जात नाही. तुझा चेहरा पडद्यावर नाही, म्हणजे तू तिथे होतीस याचा सहज दिसणारा पुरावा तुझं नाव हाच. ‘अमुक पात्र : चालवणं आणि आवाज’ असं पात्राच्या नावासकट श्रेय लिहून घे. ‘साहाय्य’ या सदरात नाव टाकायला तयार होऊ नकोस.

दुसरं, पात्र कंपनीचं असतं, बाहुली कंपनीची असते, आणि ते तसंच राहणार. त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण तोच आवाज जाहिरातीत, खेळण्यात, मोबाइलच्या ॲपमध्ये वापरला तर वेगळं मानधन आहे का, हे विचार. आणि तुझ्या रेकॉर्ड केलेल्या आवाजावरून यंत्राने नवा आवाज बनवायचा असेल तर तुझी लेखी परवानगी लागेल, असं कलम आजच्या काळात घालून घ्यायलाच हवं.

तिसरं तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. शूटिंगच्या तारखा किती दिवस आधी कळवणार? वर्षातला एखादा ठरलेला काळ नाटकासाठी मोकळा मिळेल का? माझ्या अनुभवात मुलांच्या कार्यक्रमांचं शूटिंग बरेचदा गठ्ठ्याने होतं, सलग काही आठवडे काम आणि मग मोठी सुट्टी. तसं असेल तर ते नटीसाठी उत्तम. पण ‘कंपनी बोलावेल तेव्हा’ असं लिहिलेलं असेल तर तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस. प्रॉडक्शनचा माणूस मनापासून ‘होईल हो ॲडजस्ट’ म्हणतो आणि दोन महिन्यांनी तोच माणूस तिथे नसतो. माझं एक नाटक याच पायी गेलं, प्रयोग तोंडावर आला असताना.

काम गठ्ठ्याने असेल तर सोलापूर सोडायची गरज नाही. मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसलं की सकाळी मुंबईत. २०२३ पासून वंदे भारतही आहे. शूटिंगपुरतं गोरेगावच्या बाजूला दोघीतिघींनी मिळून खोली घ्यायची आणि बाकीचा काळ इथे तालीम. पण आठवड्यातून तीन दिवस शूटिंग, दोन दिवस मोकळे असा तुकड्यातुकड्यांचा प्रकार असेल तर प्रवासातच तू संपशील. तेव्हा सरळ मुंबईत राहा आणि सोलापूरच्या ग्रुपबरोबर वर्षातलं एकच नाटक धर, तेही सुट्टी बघून. हा निर्णय तारखांचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय घेऊ नकोस.

पैशाचं थोडक्यात. अशी मालिका एखादा हंगाम चालून बंदही पडते. म्हणून सुरुवातीपासून दुसरी बाजू तयार ठेव. शाळांमधून बाहुलीनाट्याच्या कार्यशाळा, शिक्षकांना बाहुली वर्गात कशी वापरायची ते शिकवणं, आकाशवाणीची नाटकासाठीची आवाज चाचणी. दिल्लीची सीसीआरटी ही सरकारी संस्था शिक्षकांना शिक्षणातल्या बाहुलीकलेचं प्रशिक्षण देते, त्यामुळे शाळांना ही कल्पना नवी वाटत नाही. सोलापुरात तीन भाषांची मुलं एका वर्गात बसतात. तिथे बाहुली बोलायला लागली की जे मूल बाईंशी बोलत नाही ते बाहुलीशी बोलतं. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की या कामाला दुय्यम म्हणणाऱ्याशी मी वाद घालते.

तेव्हा माझं मत विचारशील तर, खांदा ठीक असेल आणि वेळापत्रक गठ्ठ्याचं असेल तर काम घे. खांदा ठीक पण तारखा मोघम असतील तर आधी तारखा लिहून माग, त्यासाठी दोन आठवडे थांबावं लागलं तरी चालेल. डॉक्टर नको म्हणाले तर फक्त आवाजाचं काम मिळेल का ते विचार, चालवायला दुसरी व्यक्ती ठेवता येते.

घरच्यांना समजवायला शब्द कमी पडत असतील तर टॉवेलची ती बाहुली शिवून झाल्यावर घरातल्या कुठल्याही लहान मुलापुढे धर आणि त्याच्याशी बोल. आईबाबांना शेजारी बसव. करार आल्यावर मजकूर इथे टाकू नकोस, त्यात गुप्ततेचं कलम असण्याची शक्यता आहे. पण शूटिंगचे दिवस कसे लावलेत तेवढं मोघम कळव. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींशी ते कसं बसवायचं ते मग नीट बघू.